अम्मीचा वजू

दुसऱ्या बाळंतपणानंतर चाळीस दिवस झाले, मी न्हाले आणि जुहरच्या नमाजला उभी राहिले. चिल्ला संपल्यानंतरची पहिली नमाज. मुलगी झोळीत झोपली होती, मोठा शाळेत होता, घर शांत होतं. पहिली रकात नीट झाली. दुसरीत सज्द्यातून उठताना खोकला आला आणि लघवी निघून गेली. दोन-चार थेंब नव्हे, सलवार ओली होण्याइतकी. नमाज तुटली. कपडे बदलले, परत वजू केला, परत उभी राहिले. अस्रच्या अजानपर्यंत हे तीनदा झालं. चौथ्यांदा मी जानमाज गुंडाळून ठेवली आणि पलंगावर बसून रडले.

खरं तर हे नवीन नव्हतं. पहिल्या मुलानंतरही शिंकताना थोडं व्हायचं. मी शाळेत शिकवते. वर्गात शिंक येणार असं वाटलं की टेबलाला टेकून पाय आवळून उभी राहायची. शाळेत बायकांना एकच संडास, आणि दोन तासांच्या मधे पाच मिनिटं. त्यामुळे सकाळपासून पाणी कमी प्यायचं, दुपारी घरी आल्यावर तांब्याभर घटाघटा प्यायचं, असं सहा वर्षं चाललं होतं. गडद रंगाच्या सलवारी घ्यायच्या, पर्समध्ये पॅड ठेवायचं. बुरख्याचा हा एक फायदा कुणी सांगत नाही, की मागे डाग पडला तर दिसत नाही.

डॉक्टरांना सांगितलं नव्हतं असंही नाही. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यात मी धीर करून विचारलं, तर उत्तर आलं, "होतं असं, दोन मुलं झाली की." एवढ्यावर तपासणी संपली, पुढची बाई आत आली. मी बाहेर येऊन त्या वाक्याचा विचार करत रिक्षात बसले. होतं असं, हे खरंच होतं. पण गुडघा दुखत असता तर त्यांनी निदान हात लावून पाहिलं असतं.

शेवटी वाट दाखवली ती शाळेतल्याच एका बाईंनी. त्यांचं सीझर झालं होतं, तरी त्यांनाही हाच त्रास होता. मला वाटायचं, सीझर झालेल्यांची यातून सुटका असते. तसं नसतं. नऊ महिने वजन पेलायचं काम तळाच्या स्नायूंनी केलेलंच असतं. बाळ कोणत्या वाटेने आलं हा त्याच्या पुढचा भाग. त्या म्हणाल्या, "फिजिओथेरपीवालीकडे जा." मी म्हटलं, माझी मान दुखत नाही. त्या हसल्या.

कोंढव्यातून दोन बस बदलून मी त्या फिजिओथेरपिस्टकडे गेले. वयाने माझ्यापेक्षा लहान मुलगी. पाऊण तास तिने नुसते प्रश्न विचारले. दिवसात किती वेळा जाता? रात्री उठावं लागतं का? घाई होते का, की खोकल्या-शिंकल्यावरच होतं? शौचाला कुंथावं लागतं का? खाली काही ओघळल्यासारखं, जड वाटतं का? आणि मग, तितक्याच सरळ आवाजात, नवऱ्याजवळ जाताना दुखतं का? मी खाली बघून मान हलवली. पहिल्या वेळच्या टाक्यांची जागा सहा वर्षं दुखत होती आणि मी ते कुणालाही सांगितलं नव्हतं, ज्याला सांगायला हवं त्यालाही नाही.

मग तिने तपासलं. आधी विचारून, मोजा घालून, प्रत्येक गोष्ट करण्यापूर्वी सांगून. पुढचं जांघेचं हाड आणि मागचं माकडहाड यांच्यामध्ये झोळीसारखे ताणलेले स्नायू असतात, असं तिने प्लास्टिकच्या सांगाड्यावर दाखवलं. मूत्राशय, गर्भपिशवी आणि आतड्याचा शेवटचा भाग यांचा सगळा भार त्या झोळीवर. लघवीची वाट, बाळाची वाट, शौचाची वाट तिन्ही तिच्यातूनच जातात. बाळाचं डोकं बाहेर येताना हे स्नायू आपल्या लांबीच्या कितीतरी पट ताणले जातात. पायाचा स्नायू इतका ताणला गेला असता तर डॉक्टरांनी प्लास्टर घातलं असतं. या स्नायूंसाठी आपल्याकडे डिंकाचे लाडू असतात.

लाडवांना मी नावं ठेवत नाही. हरिरा, अळीव, शेक-शेगडी, पोट बांधणं हे सगळं माझ्या सासूबाईंनी मनापासून केलं. त्या चाळीस दिवसांत मला पाण्याची बादली उचलू दिली नाही. आज कळतं की त्या विश्रांतीची किंमत मोठी होती. पण चाळीस दिवस झाले, न्हाण झालं, आणि एक्केचाळिसाव्या दिवशी दहा लिटरचा कुकर मीच उचलला. उतरलेल्या प्लास्टरच्या पायाने कुणी लगेच डोंगर चढत नाही, पण बाळंतीण चढते.

माझ्या स्नायूंची ताकद पाचपैकी दोन निघाली. शून्य म्हणजे हालचालच नाही, पाच म्हणजे भक्कम. आवळून धरायला सांगितलं तर तीन सेकंदांत सुटायचं. त्याहून गमतीची गोष्ट अशी, की पहिल्यांदा मी आवळायच्या ऐवजी खाली जोर देत होते. म्हणजे सहा वर्षं व्हॉट्सॲपवर वाचून जो व्यायाम मी करत होते तो उलटा होता. नुसतं तोंडी सांगून हा स्नायू नेमका सापडत नाही, पुष्कळ बायकांचं असंच होतं, असं ती म्हणाली. ज्यांच्या नावाने हा व्यायाम ओळखला जातो त्या अमेरिकन डॉक्टर अर्नॉल्ड केगल यांनी १९४८ साली त्यावर लेख लिहिला, तेव्हा स्नायूची पकड मोजायचं एक यंत्रही वापरलं होतं. बाईला आपला स्नायू बरोबर आवळला जातोय हे कळायला हवं, हा त्यांचा आग्रह. जगभर पसरलं ते फक्त नाव.

तिने मला शिकवलं ते असं. चारचौघांत बसलोय आणि पोटातला वारा सुटेल असं वाटतंय, तो जसा रोखून धरू तसं मागून आवळायचं, मग तीच आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणायची आणि आत, वर उचलायची. मांड्या, ढुंगण, पोट सैल. श्वास रोखायचा नाही. धरायचं, मग पूर्ण सोडायचं. सोडणंही धरण्याइतकंच महत्त्वाचं. आठ वेळा सावकाश, आठ वेळा झटपट, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. चालू लघवी मधेच थांबवून हा व्यायाम करायचा नाही, त्याने मूत्राशयाला चुकीची सवय लागते. आणि खोकला, शिंक, उचलणं, उठणं यांच्या आधी क्षणभर आवळून घ्यायचं.

तिने हेही सांगितलं की प्रत्येकीने हे करू नये. काही बायकांचे स्नायू ढिले नसतात, उलट कायम ताठ असतात. त्यांना आवळायला सांगितलं तर दुखणं वाढतं. त्यांना आधी सोडायला, पोटात श्वास घ्यायला शिकवावं लागतं. माझी टाक्यांची जागा त्याच जातीची होती. तिथे हलका मसाज आणि श्वास, आवळणं नंतर. एकाच शरीरात एक जागा ढिली आणि एक ताठ असू शकते, हे मला कोणत्याही पुस्तकातून कळलं नसतं.

दिवसातून तीनदा हे लक्षात कसं ठेवायचं, असं मी विचारलं. ती म्हणाली, जेवणाच्या वेळेला जोडा. मी फज्र, जुहर आणि इशाला जोडलं. सलाम फेरल्यावर तस्बीह पढायच्या आधी, तिथेच बसून.

आता अम्मीचं.

माझं माहेर तासगावचं. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि एवढ्या वर्षांत अम्मी पुण्याला फक्त दोनदा आली होती. दरवेळी गुडघ्यांचं कारण. दुसऱ्या बाळंतपणाला तिने धाकट्या खालाला पाठवलं. मी फोनवर म्हटलं, "अम्मी, भाईच्या बायकोला तर तू सगळं केलंस." ती गप्प राहिली. मला ते लागलं होतं. लेकीकडे यायचं नाही, मुलाकडेच राहायचं, एवढाच अर्थ मी काढला, आणि खालाच्या हातचा हरिरा पिताना मनातल्या मनात आईशी भांडत राहिले.

मेच्या सुट्टीत मी दोन्ही मुलांना घेऊन तासगावला गेले. दुपारी सगळे झोपले की मी मधल्या खोलीत चटईवर पाय दुमडून आडवी व्हायचे आणि व्यायाम करून वहीत खुणा करायचे. तिसऱ्या दिवशी अम्मी दारात उभी. "क्या लिखती गे?" मी सांगितलं. लाज वाटत होती, पण सांगितलं. ती ऐकत राहिली, काही बोलली नाही, आत जाऊन तांदूळ निवडायला बसली.

रात्री गच्चीवर अंथरुणं घातली. मुलं झोपल्यावर अम्मी अंधारात म्हणाली, "मेरेकू तेरे वक्त से है."

माझ्या वेळेपासून. माझा जन्म १९८६ चा, घरीच, दाईच्या हातून. चौथी मी, आणि चौघांत सगळ्यात वजनदार. दाईने शेवटी पोटावर जोर दिला होता. तेव्हापासून खोकलं की, उठलं की, हंडा उचलला की लघवी जायची. पुढे काही वर्षांनी खाली काहीतरी उतरल्यासारखं वाटायला लागलं. अंग बाहेर येतं म्हणतात ते. सदतीस वर्षं. अब्बांना माहीत नव्हतं, माझ्या बहिणींना माहीत नव्हतं.

ती बोलत गेली आणि मला आमचं घर नव्याने दिसत गेलं. अम्मीच्या जुन्या साड्यांचे चौकोनी तुकडे, जे मला मसोती वाटायचे. दोरीवर ते नेहमी दुसऱ्या कपड्यांच्या खाली वाळायचे. अस्रनंतर ती पाणी प्यायची नाही, रमजान नसतानाही. लग्नाला गेली तर दाराजवळची जागा धरायची. मोहल्ल्यात बायकांचा इज्तिमा असला की तिला नेमकं घरी काम निघायचं. आणि वजू. आम्ही भावंडं तिची चेष्टा करायचो की अम्मी नळ कोरडा करणार. एका नमाजला दोन-दोन, तरावीहला चार-चार वजू. आम्हाला वाटायचं, स्वभाव आहे, वहमी आहे.

आणि पुण्याची एसटी. पाच-सहा तासांचा रस्ता, मधल्या स्टँडवर दहा मिनिटं, तिथल्या संडासासमोर रांग आणि आत पाय ठेवायला जागा नाही. दोन्ही वेळेला ती आदल्या रात्रीपासून पाणी न पिता आली होती. दुसऱ्या वेळी साताऱ्याच्या पुढे बसने खड्डा घेतला, सीट ओली झाली, आणि शेजारी कॉलेजचा मुलगा बसला होता. ती पुण्याच्या स्टँडपर्यंत उठलीच नाही, सगळे उतरेपर्यंत बसून राहिली. मी तिला घ्यायला आले होते. इतका वेळ का लावला म्हणून मी चिडलेही होते, ते मला आठवलं.

"बोली क्यों नहीं?" मी विचारलं. ती म्हणाली, कुणाला बोलायचं? ऐकून होते, पिशवी काढतात. तिच्या मधल्या बहिणीची काढली होती, त्यानंतरही खालाचा त्रास तसाच राहिला. पिशवी काढल्याने झोळीचे स्नायू भक्कम होत नाहीत, हे कुणी खालाला सांगितलं नव्हतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली आल्या तेव्हा अम्मी पेपर वाचून म्हणाली होती, गरीब बाईचं दुखणं म्हणजे काढून टाका. तेव्हा मी तिचा शब्द नुसता ऐकला होता.

दुसरी गोष्ट तिने बऱ्याच वेळाने काढली. इतक्या वर्षांच्या नमाजा झाल्या की नाही? कुठल्या वेळी कपडा पाक होता, कुठल्या वेळी नव्हता, हिशोब कसा लावायचा? खाली दोन गल्ल्यांवर मौलाना राहतात, पण हे त्यांना विचारायचं कसं? मी कोंढव्यातल्या एका आलिमांना फोन लावला. त्यांनी शांतपणे समजावलं. एका नमाजचा पूर्ण वक्त उलटेपर्यंत वजू करून फर्ज पढण्याइतकीही उसंत मिळत नसेल, तर हनफी फिकहप्रमाणे ती बाई माजूर. तिला प्रत्येक वक्तासाठी एक वजू पुरतो. अम्मीचं तसं नव्हतं. तिचं उठता-बसता, खोकता व्हायचं, बाकी वेळ नाही. मग उभं राहून होत असेल आणि बसून होत नसेल तर बसून पढा, असं त्या म्हणाल्या. खुर्चीची लाज कसली? आणि मग म्हणाल्या, फातिमा बिन्त अबी हुबैश स्वतः रसूलुल्लाहंकडे जाऊन विचारून आल्या होत्या, माझा रक्तस्राव थांबत नाही, नमाज सोडू का? आणि त्यांना उत्तर मिळालं होतं, की हे पाळीचं रक्त नव्हे, ही एक शीर आहे, नमाज सोडायची नाही. अम्मीने स्पीकरवर हे ऐकलं. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "वो पूछने कू गई, और मैं?"

मी तिला आधी मिरजेला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे नेलं, कारण नुसता व्यायाम सांगून भागणार नव्हतं. लघवी तपासली, साखर तपासली. साखर वाढली तरी लघवी वाढते. साखर ठीक होती, पण लघवीत जंतुसंसर्ग निघाला, पाणी न पिण्याचा परिणाम असू शकतो म्हणाले. अंग दुसऱ्या पायरीपर्यंत उतरलं होतं. तीन वाटा सांगितल्या. ऑपरेशन, किंवा आत बसवायची रिंग, किंवा आधी काही महिने व्यायाम आणि मग ठरवू. आम्ही व्यायाम निवडला. अम्मीने रिंगचा विचार करते म्हटलं, म्हणजे नाही.

तालुक्याच्या गावी फिजिओथेरपी म्हणजे लकवा, मान, गुडघा. या कामाचं तिथे कुणी सापडलं नाही. माझ्याच फिजिओथेरपिस्टने व्हिडिओ कॉलवर सुरुवात करून दिली, पण तपासल्याशिवाय पुढचं सांगणार नाही, एकदा पुण्याला आणा, असं बजावलं. तोवर तिने अम्मीला व्यायामापेक्षा सवयीच सांगितल्या. तीन दिवस वहीत लिहा, किती प्यालात, किती वेळा गेलात. अम्मी दिवसात सतरा वेळा जात होती. कुठे निघण्याआधी, वजूआधी, झोपण्याआधी, "होऊन जाऊ दे" म्हणून. मूत्राशय भरायच्या आतच रिकामं करत राहिलं की त्याला थोडं भरलं तरी घाई लागते. तेव्हा आधी दहा मिनिटं थांबा, मग वीस. पाणी कमी करू नका, घट्ट लघवीने मूत्राशय आणखी चिडतं. चहा चारचा दोनवर आणा. बद्धकोष्ठ होऊ देऊ नका, कुंथण्याने अंग आणखी खाली येतं. भरलेली बादली अर्धी करा. चहाचं सोडून सगळं अम्मीने ऐकलं.

आणि एक गोष्ट ऐकून अम्मी हसली. सज्द्यासारखं डोकं खाली आणि कंबर वर ठेवली की झोळीवरचा भार थोडा वेळ उतरतो, त्यामुळे दिवसअखेर जड वाटायला लागलं की तसं काही मिनिटं राहा, असं तिने सांगितलं. अडचण सज्द्यात नाही, उठण्यात आहे. उठताना श्वास सोडा आणि आधी आवळून घ्या. अम्मी म्हणाली, एवढी वर्षं मी उठताना श्वास धरून "या अल्लाह" म्हणायचे.

माझं तीन महिन्यांत बऱ्यापैकी सुधारलं. पाचपैकी चार. शिंकेला अजून सावध असते, पण पर्समधलं पॅड काढून टाकलं. टाक्यांचं दुखणंही गेलं, आणि त्याआधी मी नवऱ्याला ते सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "सहा वर्षं?" फिजिओथेरपीची फी शाळेच्या पगाराला जड होती. ती त्याने त्याच्या मोटरसायकलच्या हप्त्यातून जमवली, गाडी एक वर्ष पुढे गेली.

अम्मीचं तेवढं झालं नाही. सदतीस वर्षं आहेत ती. अंग तसंच आहे, थोडं वर वाटतं म्हणते. पण खोकल्याला होणारं पुष्कळ कमी झालं, दिवसात सतरा वेळाचं नऊवर आलं, आणि एका नमाजला एक वजू पुरू लागला. दुपारची नमाज खुर्चीवर, बाकीच्या जानमाजवर, हा तिचा स्वतःचा हिशोब. मी त्यात पडत नाही.

नोव्हेंबरमध्ये तपासायला ती पुण्याला आली. भाई गाडी करून देतो म्हणत होता, पण तिने एसटीच धरली, खिडकीची जागा, सोबत खाला. साताऱ्याला फोन आला. मागे स्टँडचा गोंगाट होता. मी घाबरून विचारलं, "क्या हुआ अम्मी?" ती म्हणाली, काही नाही, गाडी दहा मिनिटं थांबली आहे, खाला रांगेत उभी आहे.

"और तू?"

"मेरेकू नहीं लगी अभी," अम्मी म्हणाली. "मैं चाय पी रही."